ज्या गावाचं नाव घ्यायचं नव्हतं

हे लिहू नकोस, असं मला घरातल्या तिघांनी सांगून झालं आहे. एक म्हणतो, जुन्या माणसांची अब्रू जाते. दुसरी म्हणते, लोक हसतील. तिसरा काहीच म्हणत नाही, नुसती मान हलवतो, आणि तो माझा नवरा आहे. लोक हसले तर हसू देत, हसण्यासारखंच घडलं होतं. आणि अब्रू जाईल ती माझ्या सासूबाईंची, असं ज्यांना वाटतं त्यांना मी एवढंच सांगते, की सासूबाईंना या घरात माझ्याइतकं कुणी ओळखलं नाही. त्यांच्याशी माझ्याइतकं भांडलंही नाही कुणी.

आमचं घर काशीत, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. गल्ली इतकी अरुंद, की समोरून सांड आला की माणसाने मुकाट्याने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. आजूबाजूला बरीचशी मराठी घरं. कुणी याज्ञिकी करणारे, कुणी पाठशाळेत शिकवणारे, कुणी दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंचं बघणारे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, पाठशाळेत वेद शिकवायचे आणि यजमानांसाठी अनुष्ठानं करायचे. माझं माहेर सागरचं. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा मला चांगलं लिहिता-वाचता येत होतं. ते येतं हे फार दाखवत फिरू नये, असं मला पहिल्याच आठवड्यात समजावण्यात आलं.

त्याच आठवड्यात नावांचा कायदाही समजावण्यात आला. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही हे मला माहीत होतं, ते सागरलाही होतं. पण सासूबाईंच्या राज्यात सासऱ्यांचं नावसुद्धा सुनेने घ्यायचं नाही, आणि ते नाव ज्या ज्या शब्दात येईल तो शब्दही तोंडातून काढायचा नाही. बाईने नाव उच्चारलं की त्या पुरुषाचं आयुष्य कमी होतं, असं त्या अगदी मनापासून मानायच्या. संध्याकाळच्या स्तोत्रात मामंजींचं नाव एका जागी यायचं. सासूबाई खणखणीत आवाजात म्हणत यायच्या, त्या जागी ओठ मिटून नुसतं ‘हूं हूं’ करायच्या, आणि पुढच्या शब्दावर पुन्हा आवाज चढवायच्या. आमच्या दूधवाल्याचं नावही नेमकं तेच होतं. त्याला त्या वर्षानुवर्षं ‘ए दूध’ अशी हाक मारत होत्या आणि तोही बिचारा ‘आए माताजी’ म्हणून यायचा. मी नवी असताना याला एकदा मोठ्याने हसले. त्या दिवशी मला जेवायला मिळालं, पण कुणी वाढलं नाही.

लग्नानंतर पाच वर्षांनी यांना नोकरी लागली. बिहारात, बक्सरच्या पुढे, एका गावच्या मिडल स्कुलात मास्तर म्हणून. पत्र आलं, मामंजींनी वाचलं, पेढे आणले, आणि माजघरात शांतता पसरली. कारण त्या गावाचं नाव होतं रघुनाथपूर. आता मामंजींचं नाव काय होतं ते मी वेगळं सांगत नाही.

सासूबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी तोड काढली. नाव रामाचंच ना? मग रामपूर म्हणायचं. त्या दिवसापासून घरातल्या बायकांच्या तोंडी ते गाव रामपूर झालं. रामपूरचं पत्र आलं का, रामपूरला थंडी फार आहे म्हणे, रामपूरला लाडू पाठवायचेत. पत्रावर पत्ता लिहायचे मामंजी, टपालात टाकायचेही तेच, त्यामुळे खऱ्या नावाशी आम्हा बायकांचा संबंधच यायचा नाही. दोन वर्षांत माझ्याही डोक्यात ते रामपूरच होऊन बसलं. वाचता येणाऱ्या बाईने हे कबूल करायला लाज वाटायला हवी, आणि वाटते.

ती दोन वर्षं मी काशीत आणि हे तिकडे. दिवाळीला यायचे, उन्हाळ्यात यायचे, आणि बाकी वर्षभर मी सासूबाईंच्या हाताखाली. मला तिकडे जायचं होतं. हे मी तेव्हा कुणापाशी बोलले नाही, कारण सुनेने असं बोलायचं नसतं, पण आता बोलते: मला माझं घर हवं होतं. स्वतःची चूल, स्वतःच्या मीठमसाल्याचे डबे, आणि ज्याच्याशी लग्न झालं त्या माणसाशी दिवसाउजेडी दोन वाक्यं बोलायची मुभा. यात जगावेगळं काय होतं, ते मला आजही कुणी पटवून द्यावं.

सासूबाईंना मी जायला नको होतं. कामाला हवी म्हणून, की सोबतीला हवी म्हणून, हे मला त्या वयात कळायचं नाही. आता वाटतं, दोन्हीसाठी.

शेवटी माघात यांचं पत्र आलं, की दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत आणि हाताने रांधून खाऊन पोट बिघडलं आहे. मामंजी म्हणाले, पाठवायला हवं. सासूबाई म्हणाल्या, पाठवू, पण मी बरोबर जाणार. घर बघणार. राहण्याजोगं असलं तर ही राहील, नसलं तर माझ्याबरोबर परत येईल. मामंजींनी पंचांग काढून मुहूर्त शोधला. तो निघाला बुधवारी दुपारचा. गुरुवारपासून शुक्राचा अस्त, आणि शुक्र बुडालेला असताना सुनेने नव्या घरात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे बुधवार चुकला की गेले दीड-दोन महिने, आणि दीड-दोन महिन्यांत सासूबाई दुसरी दहा कारणं काढतील हे मला पक्कं माहीत होतं. माझा सगळा संसार त्या एका बुधवारावर येऊन बसला होता.

न्यायला हे येणार होते, पण ऐन वेळी शाळेच्या तपासणीला इन्स्पेक्टर साहेब येत असल्याचं कळलं. मामंजी अनुष्ठानाला बसलेले, त्यांना उठता येईना. शेजारचे एक गृहस्थ बरोबर यायला तयार होते, पण सासूबाईंनी त्यांना उडवून लावलं. ‘मी दोन वेळा गयेला जाऊन आले आहे,’ त्या म्हणाल्या. ‘रेलगाडी मला काय नवी आहे?’ दोन्ही वेळा तिकिटं मामंजींनी काढली होती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी एक्का करून आम्ही छावनीच्या स्टेशनवर गेलो. माझी एक ट्रंक, भांड्यांचं एक बोचकं, लाडवांचा डबा. मी पदर कपाळावर ओढून मागे उभी. सासूबाई गर्दीत कोपर मारत तिकिटाच्या खिडकीशी पोचल्या.

‘कहाँ जाइएगा, माताजी?’ आतून बाबू म्हणाला.

‘रामपूर. दो.’

मी ऐकलं, आणि मला काहीच खटकलं नाही. घरात दोन वर्षं ज्या गावाला रामपूर म्हणत होतो त्या गावाचं तिकीट त्यांनी मागितलं, यात खटकायचं काय? भाडं ऐकून मात्र सासूबाई चमकल्या. पण रेल्वेत घासाघीस चालत नाही एवढं त्यांना ठाऊक होतं. सरकारने पुन्हा दर वाढवले म्हणून त्यांनी लाटसाहेबापासून खाली सगळ्यांचा उद्धार केला आणि पैसे मोजले. हमालाने तिकिटं बघून आम्हाला एका उभ्या गाडीच्या जनाना डब्यात चढवून दिलं.

काशीहून पूर्वेकडे निघालं की थोड्याच वेळात राजघाटचा पूल लागतो. खाली गंगा आणि उजव्या हाताला सगळे घाट ओळीने दिसतात. पुलावरून गंगेला काहीतरी वाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी गाव सोडत नाही. सासूबाईंनी रुमालात झेंडूची फुलं, कुंकवाची पुडी आणि एक पैसा आणला होता. गाडी सुटताच तो रुमाल मुठीत धरून त्या खिडकीशी बसल्या. पूल काही येईना. एक स्टेशन आलं. मी पदराआडून पाटी वाचली: शिवपूर. पंचक्रोशीच्या यात्रेला आम्ही दोघी शिवपुरावरून पायी गेलो होतो. शिवपूर गंगेच्या उलट बाजूला, हे मला चांगलं ठाऊक होतं.

‘सासूबाई, हे शिवपूर आहे,’ मी म्हटलं.

‘असू दे की.’

‘पूल इकडे नाही.’

‘ही रेलगाडी आहे, एक्का नव्हे,’ त्या म्हणाल्या. ‘फिरून जाते. गप बस.’

आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. समोर पाटी दिसत होती, वाचता येत होती, आणि मी गप्प बसले. एकामागून एक स्टेशनं गेली, त्यातलं एकही मी गंगेच्या वाटेवर कधी ऐकलेलं नव्हतं. तासाभराने चाकांचा आवाज बदलला, खाली लोखंडी पूल आला आणि पुलाखाली एक रोडकी नदी. सासूबाई ताडकन उठल्या. ‘बघ! आली की नाही माझी आई?’ म्हणून त्यांनी फुलं, कुंकू आणि पैसा सगळं खिडकीतून सोडलं आणि डोळे मिटून हात जोडले.

समोर बसलेली एक म्हातारी पान चघळत बघत होती. ती म्हणाली, ‘अम्मा, ई त सई नदी हईं. गंगाजी नाहीं.’

‘हिला काय कळतंय,’ सासूबाई मला मराठीत म्हणाल्या. मग मात्र त्यांनी पुन्हा एकदा वाकून नदीकडे पाहिलं.

म्हातारीने विचारलं, कुठे जायचंय. सासूबाई म्हणाल्या, रामपूर. ‘नवाब साहेब वाला रामपूर? बहुत दूर. बरेली के आगे. कल सबेरे पहुँचबू.’

‘कल?’ सासूबाईंचा आवाज चिरकला. ‘माझा मुलगा दुपारी ठेसनावर उभा आहे!’

मी पदर मागे सारला आणि म्हातारीला विचारलं, ‘बक्सर किधर है?’ ती इतकी हसली, की पानाचा रस तिच्या हनुवटीवर आला. तिने हात लांब केला आणि आम्ही जिकडून आलो होतो तिकडे बोट दाखवलं.

जौनपूरला आम्ही उतरलो. म्हणजे मी उतरले, ट्रंक ओढली, बोचकं ओढलं आणि मग सासूबाईंना हात दिला. गाडी नवाबाच्या रामपुराकडे निघून गेली. सासूबाई ट्रंकेवर बसल्या. इतका वेळ त्यांना घाम फुटला होता, पण बसल्याबरोबर त्यांचा चेहरा निवळला, आणि तो का निवळला ते मला लगेच कळलं.

‘देवाच्याच मनात नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मुहूर्त गेला. उद्यापासून शुक्र नाही. चल, घरी जाऊ. होळीनंतर बघता येईल.’

‘मुहूर्त गेला म्हणून गाव जागचं हललं नाही,’ मी म्हटलं. ‘आपण पुढे जाऊ.’

‘तोंड वर करून बोलू नकोस.’

तेवढ्यात तिकीट गोळा करणारा बाबू आला. तिकिटं रामपूरची आणि बायका जौनपूरला उतरलेल्या, हे त्याच्या हिशेबात बसेना. सासूबाई म्हणाल्या, ‘हमको रामपूर नहीं जाना है.’

‘टिकट तो रामपुर का है.’

‘रामपूर बोलते हैं. जाना दूसरा जगह है.’

‘फिर कहाँ जाना है?’

इथे सासूबाई अडल्या. नाव तर घ्यायचं नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘सीतामाई के घरवाले का गाँव.’

‘अयोध्या?’ बाबू म्हणाला.

‘नहीं, नहीं. पुढे पूर लगता है.’

‘सीतापुर?’ एक हमाल म्हणाला. चार माणसं जमली होती, त्यांची दहा झाली. कुणी म्हणालं रामनगर, कुणी रामगढ, एकाला एकदम जनकपूर सुचलं. सासूबाई प्रत्येकाला जोराने मान हलवून नाही म्हणत होत्या. ‘दशरथ राजा का लडका,’ त्यांनी आणखी खूण दिली. चहावाला ओरडला, ‘भरतपुर!’ त्यावर सासूबाई त्याच्यावर खेकसल्या, ‘बडा लडका! बडा!’ लोकांना मजा वाटू लागली. जो तो आपापल्या मामाच्या, मावशीच्या गावाचं नाव घेऊन पुढे येत होता. या मुलखात रामाच्या नावाचं गाव नाही असा तालुका सापडायचा नाही, हे मला त्या दिवशी समजलं. बाबूने शेवटी हात टेकले.

सासूबाईंनीही टेकले, पण आनंदाने. ‘जाने दो,’ त्या म्हणाल्या. ‘बनारस का टिकट दो. दो आदमी का.’

तिथे माझा संयम सुटला. मी पुढे झाले. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो मी वर घेतला नाही. आणि त्या फलाटावरच्या सगळ्यांना, अगदी टोकाच्या पाणीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, ‘रघुनाथपूर!’

मी पुन्हा म्हटलं, ‘रघुनाथपूर. बक्सर के आगे. दो टिकट. रघुनाथपूर.’

‘अरे, रघुनाथपुर!’ बाबू म्हणाला. ‘त पहिले काहे नाहीं कहलीं?’

सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला भीती वाटली का? वाटली. मामंजी चांगले होते, माझ्याशी कधी वावगं बोलले नव्हते, आणि घाटावर अनुष्ठानाला बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला आत्ता काही झालं असेल का, असं क्षणभर माझ्या मनात येऊन गेलं. पण मला त्याहून जास्त राग आला होता. एका नावाच्या तीन-चार अक्षरांसाठी दोन धडधाकट बायका भलत्या गाडीत बसतात, परक्या नदीला फुलं वाहतात, आणि शेवटी त्यातली एक म्हणते की हीच देवाची इच्छा! देवाला नसत्या गोष्टीत गोवायची ही सवय मला कधीच सहन झाली नाही. आणि ज्यांना अजून शंका असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवते: जौनपुरात मी तीन वेळा नाव घेतल्यानंतर मामंजी अठ्ठावीस वर्षं जगले आणि शेवटपर्यंत घाट स्वतः चढून यायचे.

माहेरहून आलेले पैसे माझ्या कनवटीला होते. तिकिटं मी काढली.

परतीची गाडी दुपारी होती. लाडवांचा डबा मी पुढे केला तर तोंड फिरवलं, आणि मी खिडकीबाहेर बघत असताना त्यांनी दोन लाडू खाल्ले. दिवस कलला तेव्हा गाडी पुन्हा छावनीत येऊन उभी राहिली. तेच स्टेशन. बाहेर एक्के उभे, आणि एक्क्याने घर अर्ध्या तासावर. सासूबाई उठल्या आणि बोचकं उचललं.

‘उतर,’ त्या म्हणाल्या.

‘मी नाही उतरत.’

‘मुहूर्त गेला, शकुन गेला, लाज तर जौनपुरातच सोडून आलीस. आता काय राहिलंय?’

‘घर राहिलंय,’ मी म्हटलं. ‘तुम्हाला उतरायचं तर उतरा. मी जाते.’

‘एकटी?’

‘एकटी.’

एकटी बाई परक्या मुलखात रात्रीची गाडी बदलून कशी जाणार होते, ते मलाच ठाऊक नव्हतं. पण मी बाकावरून हलले नाही. फलाटावर गार्डने शिट्टी दिली. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोचकं माझ्या पायांवर टाकून त्या पुन्हा बसल्या.

‘माझ्या मुलाला उद्या काय तोंड दाखवू, सून कुठे सोडली म्हणून?’ त्या म्हणाल्या. जौनपूरनंतर मला घरी नेण्याचा विषय नसलेलं ते पहिलं वाक्य.

गाडी पुलावर आली. खरा पूल, खरी गंगा. वाहायला आता काही उरलं नव्हतं. सासूबाई खिडकीच्या गजाला कपाळ लावून घाटांकडे बघत राहिल्या, पूल संपेपर्यंत.

मुगलसरायच्या मुसाफिरखान्यात रात्र काढून आम्ही गुरुवारी सकाळी रघुनाथपूरला उतरलो. हे फलाटावर होते. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रत्येक गाडी बघितली होती, डोळे तांबारले होते. ‘होतात कुठे तुम्ही?’ त्यांनी आईला विचारलं.

‘रामपूरला निघालो होतो,’ सासूबाई म्हणाल्या.

यांनी मागे वळून स्टेशनच्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा हसले. चोवीस तासांनी पहिल्यांदा हसले आणि मला ते आवरेना.

घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या, खापऱ्यांचं छप्पर, पुढे ओटा आणि मागे विहीर. सासूबाई ओट्यावर थांबल्या. शुक्र बुडाला होता, त्यांनी उंबरा ओलांडायला साफ नकार दिला आणि मलाही थांब म्हणाल्या. मी थांबले नाही. उजवा पाय आधी टाकला एवढंच. चूल सारवलेली होती, ती पेटवली आणि दूध उतू घालवलं. सासूबाई बाहेर बसून राहिल्या. मी पाणी नेऊन दिलं, ते प्यायल्या. ताट वाढून नेलं, ते ओट्यावर जेवल्या. दुपार उलटल्यावर ऊन पाठीवर आलं तेव्हा त्या उठल्या, काही न बोलता आत आल्या आणि म्हणाल्या, ‘मीठ जास्त झालं होतं.’

त्या चार दिवस राहिल्या आणि चारही दिवस त्यांनी घर बघितलं. खापऱ्या मोजल्यासारख्या निरखल्या. विहिरीचं पाणी पिऊन बघितलं, मग तांब्यात ठेवून सकाळी बघितलं. भिंतीला कान लावला, कोपऱ्यातलं बीळ काठीने उकरलं. शेजारणींना बोलावून त्यांच्या सासवांची चौकशी केली. पहिले दोन दिवस त्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवत होत्या. तिसऱ्या दिवशी नावं ठेवणं बंद झालं, आणि ते मला जास्त वाईट वाटलं, कारण काय ठरवलं आहे ते कळेना. मी त्यांची मनधरणी केली नाही. पाय चेपले, रोज चेपायची तेवढेच. हे मधल्यामध्ये चोरासारखे वावरत होते. शाळेत पन्नास पोरांपुढे छडी आपटणारा माणूस आईपुढे आपल्या जोड्यांकडे बघत उभा राहायचा. मी रागावले त्यांच्यावर, तेव्हाही आणि नंतरही बरेच दिवस.

शेवटच्या रात्री मी भांडी आवरत होते. सासूबाई अंथरुणावरून म्हणाल्या, ‘इथे कोसाकोसांत आपलं माणूस नाही. मराठी कुणाशी बोलशील?’

‘यांच्याशी,’ मी म्हटलं.

त्यांनी कूस बदलली. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, ‘आणि मी कुणाशी बोलू?’

भांडण असतं तर मी दोन शब्द जास्त बोलले असते, पण हे भांडण नव्हतं. घरात मामंजी होते, पण ते पोथीशी बोलायचे. सकाळी भाजी निवडताना, दुपारी वाती वळताना, त्या माझ्याशीच बोलायच्या, म्हणजे मला बोलायच्या. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तरीही मला जायचं नव्हतं, आणि वाईट वाटतं म्हणून जायला मी तयार नव्हते. मी भांडी पालथी घातली आणि दिवा मालवला.

सकाळी त्यांनी आपलं बोचकं बांधलं आणि म्हणाल्या, ‘चल ठेसनावर.’ माझी ट्रंक घे म्हणाल्या नाहीत, घेऊ नकोस असंही म्हणाल्या नाहीत. ट्रंक कोपऱ्यात होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मोकळ्या हातांनी निघाले. वाटेत शेतांच्या बांधावरून चालताना त्यांनी एकदा माझ्या हातांकडे बघितलेलं मला दिसलं. गावातले एक ब्राह्मण गंगास्नानाला काशीला निघाले होते, त्यांची सोबत होती. हे बोचकं घेऊन मागून येत होते.

स्टेशनवर यांनी खिशात हात घातला आणि खिडकीकडे निघाले. सासूबाईंनी त्यांना मागे सारलं. ‘मी काढते,’ त्या म्हणाल्या. खिडकी बुटकी होती, त्यांना वाकावं लागलं. मी दोन हात अंतरावर उभी होते, पदर डोक्यावर.

‘कहाँ, माताजी?’

‘बनारस.’

‘कितना?’

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मोकळ्या हातांकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. बाबूने पुन्हा विचारलं, कितना.

‘एक,’ त्या म्हणाल्या. रागानेच म्हणाल्या, पण एकच म्हणाल्या.